गणगोत नसलेली भाषा

माणसाला जसे गणगोत असते तसे भाषेलाही असते. मराठीच्याच घरी डोकावून पाहावे. संस्कृत-प्राकृताचा वडिलोपार्जित वारसा, कोंकणी, गुजराती, हिंदी, बंगाली ही भावंडे, थोड्या दूरच्या नात्यात फारसी आणि त्याही पलीकडे लॅटिन, ग्रीक, इंग्रजी अशी सारी भाऊबंदकी तेथे नांदताना दिसते. संस्कृतातील ‘मातृ’, फारसीतील ‘मादर’ आणि इंग्रजीतील ‘मदर’ यांची तोंडावळ्याची खूण शाळकरी मुलालाही पटते. कन्नड-तेलुगूशी आपले रक्ताचे नाते नसेल, पण शेकडो वर्षांच्या शेजाराने त्यांचेही शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आले आहेत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मंडळींना तर हा शेजार रोजचाच.

परंतु ज्यांचे नाते कोणाशीच जुळत नाही अशाही काही भाषा जगात आहेत. स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. हिमालयाच्या वायव्येस हुंझा भागातील बुरुशास्की ही दुसरी. आणि तिसरी आपल्या अगदी अंगणातली : बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोदच्या परिसरात बोलली जाणारी निहाली. कोरकू आणि मराठी यांच्याकडून तिने भरपूर शब्द उसने घेतले आहेत. पण ते सारे बाजूस सारल्यावर जो गाभा उरतो त्याचे गोत्र अभ्यासकांना सापडलेले नाही. अशा भाषांना भाषाशास्त्रात एकाकी भाषा म्हणतात. एकाकी म्हणजे जन्मतः पोरकी असे मात्र नव्हे. बास्कलाही कधीकाळी भावंडे असणार; ती काळाच्या उदरात गडप झाली आणि ही एकटी मागे राहिली, इतकेच.

या लेखात आम्ही जिची ओळख करून देणार आहोत ती भाषा मात्र खरोखरच आईबापांवाचून जन्मली. तिचे नाव क्लिंगॉन. ती एका माणसाने कागदावर रचली, तीही एका चित्रपटातील परग्रहवासी योद्ध्यांच्या तोंडी घालण्यासाठी. हा निव्वळ पोरखेळ, असे म्हणून पान उलटण्यापूर्वी वाचकांनी थोडा धीर धरावा. या कृत्रिम भाषेच्या आरशात आपल्या वर्णमालेचे आणि व्याकरणाचे जे रूप दिसते ते पाहण्याजोगे आहे.

जन्मकथा

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेवरून १९७९ मध्ये पहिला चित्रपट निघाला. त्यात क्लिंगॉन लोकांच्या तोंडी मोजकी परकी वाक्ये होती. ती मालिकेतील नट जेम्स डूहान यांनी सुचविली होती. त्यांना व्याकरण असे काही नव्हते. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटात या लोकांना बरेच बोलायचे होते, म्हणून मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाकडे काम सोपविण्यात आले. ओक्रँड यांनी आधीच्या वाक्यांतील ध्वनी आधारास घेतले आणि त्यांवर संपूर्ण भाषेची इमारत उभी केली. १९८५ मध्ये त्यांनी क्लिंगॉनचा कोश आणि व्याकरण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आपल्याला ही माहिती माल्ट्झ नावाच्या एका क्लिंगॉन कैद्याकडून मिळाली, असा गमतीदार बहाणाही त्यांनी केला.

चित्रीकरण चालू असता नटाची जीभ अडखळे आणि उच्चार भलताच होई. अशा वेळी दृश्य चांगले वठले असेल तर ते पुन्हा न घेता ओक्रँड भाषेचा नियमच बदलून टाकीत. नैसर्गिक भाषांत जी गोष्ट शतकानुशतके सावकाश घडते, ती येथे एका दुपारी घडे. चुकीचा उच्चार पुष्कळांच्या तोंडी बसला की तोच शुद्ध ठरतो, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

वर्णमालेतील रिकाम्या जागा

क्लिंगॉनचे ध्वनी समजून घेण्यास मराठी वाचकाजवळ एक उत्तम साधन आयतेच आहे. ते म्हणजे आपल्या वर्णमालेचा तक्ता. कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने येणारे पाच वर्ग आणि प्रत्येक वर्गात कठोर, मृदू, महाप्राण व अनुनासिक यांची ठरलेली जागा. हा तक्ता आपण बालपणी घोकतो. पण त्याची शिस्त केवढी मोठी आहे हे शिस्त मोडलेली पाहिल्यावरच ध्यानी येते.

ओक्रँड यांनी ती बुद्ध्या मोडली. त्यांच्या भाषेत एकवीस व्यंजने आणि पाच स्वर आहेत. ती आपल्या तक्त्यात बसवू लागावे तर क-वर्गातील क, ख, ग, घ ही चारही घरे रिकामी. एकटा ङ हजर, आणि तो शब्दावयवाच्या आरंभीही खुशाल येतो. च-वर्गात च आणि ज. ट-वर्गात एकटा ड. ट, ठ, ढ, ण यांचा पत्ता नाही. त-वर्गात न आहे, पण त नाही; त्याच्या जागी इंग्रज माणूस हिरडीला जीभ लावून जो ‘टी’ उच्चारतो तो. प-वर्गात प, ब, म. ऊष्म वर्णांत श नाही, स नाही. आहे तो केवळ ष. आपण ‘षट्कोन’ लिहितो खरे, पण बोलताना बहुतेकजण त्याचा श करून टाकतात. क्लिंगॉन बोलणाऱ्याला ही सवलत नाही; जीभ टाळूकडे वळवून खराखुरा मूर्धन्य ष उच्चारावा लागतो.

उरलेल्या ध्वनींपैकी काही उर्दूच्या सहवासातील लोकांना ओळखीचे वाटतील. ‘ग़ज़ल’ मधला ग़, ‘ख़बर’ मधला ख़ आणि घशाच्या तळातून येणारा ‘क़लम’ मधला क़. हैदराबादकडील मराठी माणसाला हे तिन्ही शिकवावे लागणार नाहीत. त्या क़ चा एक थोरला भाऊही आहे. तो उच्चारताना घास अडकल्यासारखा खरखराट होतो. याखेरीज य, र, ल, इंग्रजीप्रमाणे दोन वेगवेगळे व, आणि श्वास क्षणभर घशात अडवून होणारा एक स्फोट. तो आम्ही या लेखात ’ या चिन्हाने दाखविला आहे. सर्वांत चमत्कारिक म्हणजे त्ल्ह. त उच्चारण्यासाठी लावलेली जीभ न काढता वारा तिच्या दोन्ही कडांवरून सोडायचा. मेक्सिकोतील नाहुआत्ल आणि उत्तर अमेरिकेतील नवाहो या भाषांत या जातीचा ध्वनी आहे.

यातील मर्म असे की, सुटा घेतला तर क्लिंगॉनमधील प्रत्येक ध्वनी पृथ्वीवरील कोणत्या ना कोणत्या मानवी भाषेत सापडतो. माणसाच्या तोंडाने जे उच्चारता येत नाही ते नटांकडून वदविणार तरी कसे? परकेपणा आहे तो निवडीत. मानवी भाषांचा कल सामान्यतः समतोलाकडे असतो. एखाद्या भाषेत मूर्धन्य ड असला तर सोबतीला ट ही असावा, अशी आपली अपेक्षा असते. ती अपेक्षा हरघडी फसविली की ऐकणाऱ्याला काहीतरी विपरीत ऐकल्याचा भास होतो. ओक्रँड यांचे सारे कसब या रिकाम्या घरांत आहे.

उलटा गाडा

आता व्याकरणाकडे वळू. ‘मूल अन्न खाते’ असे आपण म्हणतो : आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते. क्लिंगॉनमध्ये हेच वाक्य ‘षोज् षोप् पुक़्’ असे होते. षोज् म्हणजे अन्न, षोप् म्हणजे खाणे, पुक़् म्हणजे मूल. आरंभी कर्म, मध्ये क्रियापद आणि शेवटी कर्ता. जगातील भाषांत हा क्रम अत्यंत दुर्मिळ आहे. ब्राझीलमधील हिश्कर्याना या भाषेत तो आढळल्याचे वर्णन १९७० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले, तोवर असा क्रम मूळ क्रम म्हणून कोठे असेल यावर अभ्यासकांचा सहसा विश्वास नव्हता.

‘खाल्ला आंबा रामाने’ असे मराठीतही म्हणता येते, असे कोणी म्हणेल. येते खरे, कारण ‘ने’ हा प्रत्यय रामाचे कर्तेपण सांभाळतो, मग राम वाक्यात कोठेही बसो. क्लिंगॉनमध्ये कर्त्याला वा कर्माला विभक्तीच नाही. जागा हीच त्यांची ओळख. जागा बदलली की अन्नच मुलाला खाऊ लागेल! इतर संबंधांसाठी मात्र आपल्यासारखेच प्रत्यय आहेत. जुख़् म्हणजे घर. जुख़्डाक़् म्हणजे घरात, जुख़्वो’ म्हणजे घरून. ‘मुळे’ आणि ‘साठी’ यांनाही स्वतंत्र प्रत्यय आहेत.

क्रियापदाची गंमत आणखी निराळी. मराठीत क्रियापद कधी कर्त्याच्या मागे जाते, कधी कर्माच्या : ‘मी आंबा खातो’ आणि ‘मी चिंच खाल्ली’. कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांनी आपल्याला शाळेत किती छळले हे कोण विसरेल? क्लिंगॉन क्रियापद दोघांचीही दखल एकाच उपसर्गाने घेते. लेग़् म्हणजे पाहणे. क़ालेग़् म्हणजे ‘मी तुला पाहतो’, आणि चोलेग़् म्हणजे ‘तू मला पाहतोस’. कोणी कोणाला, हे सांगणारे असे सुमारे तीस उपसर्ग आहेत.

उपसर्ग पुढे, तर प्रत्ययांची रांग मागे. त्यांचे नऊ वर्ग असून क्रम ठरलेला आहे. फक्त काही प्रत्यय भटके मानले आहेत. नकाराचा बे’ हा त्यांतलाच. तो ज्याच्या मागे बसेल त्याचाच निषेध करतो. विलेग़्क़ाङ्बे’ म्हणजे ‘ते पाहायला मी राजी नाही’, आणि विलेग़्बे’क़ाङ् म्हणजे ‘ते न पाहायला मी राजी आहे’. एवढा सूक्ष्म भेद एका अक्षराच्या जागेवर तोललेला आहे.

या भाषेला काळ नाही. काल, आज, उद्या हे शब्दांनी सांगायचे. क्रियापद सांगते ते क्रिया पुरी झाली की चालू आहे एवढेच. त्यातही बारकावे आहेत. क्रिया आपोआप पुरी झाली तर एक प्रत्यय, हेतुपुरस्सर पार पाडली तर दुसरा. आपण ‘पेला फुटला’ आणि ‘पेला फोडला’ यांत करतो तसा काहीसा भेद. चालू क्रियेचेही दोन प्रकार : नदी वाहते आहे, तिला संपायचे ठिकाण नाही, विहिरीचे खोदकाम चालले आहे, ते पाणी लागले की संपेल.

बोलणारे आणि न बोलणारे

मराठीत तीन लिंगे आहेत. क्लिंगॉनमध्ये नामांची विभागणी तीनच प्रकारांत आहे, पण तिचे तत्त्व अगदी वेगळे. ज्यांना भाषा येऊ शकते असे जीव हा पहिला वर्ग, शरीराचे अवयव हा दुसरा, आणि उरलेले सारे जग तिसरा. अनेकवचनाचा प्रत्यय त्यानुसार बदलतो : पुक़्पु’ म्हणजे मुले, ग़ोप्डु’ म्हणजे हात, जुख़्मेय् म्हणजे घरे. मुलांना चुकून तिसऱ्या वर्गाचा प्रत्यय लावून पुक़्मेय् म्हटले तर ‘इकडेतिकडे पांगलेली पोरे’ असा अर्थ होतो.

‘माझे’ म्हणतानाही हाच विवेक. बोलू शकणाऱ्याला एक प्रत्यय, वस्तूला दुसरा. माझे मूल म्हणजे पुक़्वि’. तेथे वस्तूचा प्रत्यय लावून पुक़्विज् म्हटले तर व्याकरण मोडत नाही, पण अपमान होतो. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या पायऱ्या सांभाळणाऱ्या मराठी माणसाला हे सांगण्याची गरज नाही की, पुष्कळदा व्याकरणशुद्ध बोलण्यानेच मनुष्य दुखावतो. आपल्या भाषेने ‘मूल’ नपुंसकलिंगी ठेवले. या लढवय्यांच्या बनावट भाषेने त्याला बोलणाऱ्यांच्या पंक्तीत बसविले. ओक्रँड यांनी माणूस-पशू, स्त्री-पुरुष अशी कोणतीही रेघ न ओढता भाषेचीच रेघ ओढावी, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

क्लिंगॉनमध्ये विशेषणेही नाहीत. ‘मोठे असणे’ असे क्रियापद नामाच्या मागे बसवून काम भागते. ‘असणे’ हे क्रियापद तर मुळातच नाही. त्यामुळे १९९१ च्या सहाव्या चित्रपटात मोठी पंचाईत झाली. तेथे एका क्लिंगॉन पात्राला हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगताचा आरंभ स्वतःच्या भाषेत म्हणायचा होता, आणि जगावे की नाही हा प्रश्न शेक्सपिअरने नेमका ‘असणे’ या क्रियापदावर उभा केलेला! ओक्रँड यांनी प्रथम ‘जगणे’ या अर्थाचे क्रियापद योजले. पण नटाच्या तोंडी ते मिळमिळीत वाटले. तेव्हा चालू क्रिया दाखविणारा ‘ताख़्’ हा प्रत्यय उचलून त्याचेच त्यांनी ‘टिकून राहणे’ अशा अर्थाचे क्रियापद केले. अडचणीतून शब्द कसा जन्मतो याचे हे सुरेख उदाहरण आहे.

शब्द कोणी घडवावेत?

पुढे या भाषेला हौशी विद्यार्थी मिळाले. १९९२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात क्लिंगॉन भाषा संस्था स्थापन झाली. तिने त्रैमासिक चालविले, वार्षिक संमेलने भरविली. हॅम्लेटचे संपूर्ण भाषांतर झाले, गिल्गमेश या प्राचीन महाकाव्याचे झाले. २०१० मध्ये हेग शहरात या भाषेतील संगीतिकाही रंगमंचावर आली. एका चित्रपटासंबंधीच्या खटल्यात तर भाषेवर कोणाची मालकी असू शकते काय, असा प्रश्न २०१६ मध्ये अमेरिकन न्यायालयापुढे मांडला गेला. खटला २०१७ च्या आरंभी आपसांत मिटल्याने त्याचा निकाल लागला नाही.

एक प्रथा मात्र या मंडळींनी कसोशीने पाळली : नवा शब्द घडवायचा तो ओक्रँड यांनीच. इतरांनी मागणी करावी आणि संमेलनात नव्या शब्दांची यादी यावी. शिस्त म्हणून हे ठीक. पण भाषेचा स्वभाव याच्या उलट आहे. मराठीचे शब्द कोणा एकाने घडविले नाहीत. सुतार, शिंपी, कोळीण, कारकून, अंगणात खेळणारी पोरे, ज्याला जेव्हा गरज पडली त्याने तेव्हा ते घडविले किंवा शेजाऱ्याकडून उचलले.

या उणिवेची परीक्षा एका घरात झाली. १९९४ च्या सुमारास एका अमेरिकन भाषातज्ज्ञाने आपल्या नवजात मुलाशी केवळ क्लिंगॉनमध्येच बोलायचे ठरविले. आई इंग्रजी बोले. मुलाचे उच्चार उत्तम होते आणि त्याला पुष्कळसे समजेही. परंतु अंतराळयानांचे आणि शस्त्रांचे शब्द विपुल असलेल्या या भाषेत बाळाच्या लंगोटाला आणि दुधाच्या बाटलीला शब्द नव्हता. शिवाय बापावाचून दुसरे कोणीही ती बोलत नव्हते. तीन वर्षांच्या सुमारास मूल क्लिंगॉनला प्रतिसाद देईनासे झाले आणि वडिलांनी प्रयोग थांबविला.

आजी मराठीत विचारते आणि नातवंड हिंदीत, गुजरातीत किंवा कन्नडमध्ये उत्तर देते, हे चित्र आमच्या वाचकांना अपरिचित नाही. समजते सगळे, पण उत्तर दुसऱ्या भाषेत. अशा वेळी आपण व्याकरणाची चिंता करतो, शुद्धलेखनाची करतो. त्या अमेरिकन घरात व्याकरणाचा ग्रंथ हाताशी होता, शिकविणारा तत्पर होता. नव्हती ती खेळायला दुसरी मुले, आणि नव्हते स्वयंपाकघरातले शब्द.

एका लेखणीची दोन व्याकरणे

या कथेची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. ओक्रँड यांनी क्लिंगॉनपूर्वीही एक व्याकरण लिहिले होते. बर्कली येथील विद्यापीठात १९७७ मध्ये त्यांनी पीएच. डी. साठी सादर केलेला प्रबंध मुत्सुन या भाषेचे व्याकरण हा होता. मुत्सुन ही कॅलिफोर्नियातील सान हुआन बाउतिस्ता परिसरातील मूळ रहिवाशांची भाषा. ती अस्खलित बोलणाऱ्या अखेरच्या बाई, असेन्सिओन सोलोर्सानो, १९३० मध्ये निवर्तल्या. त्यांच्या अखेरच्या दिवसांत जे. पी. हॅरिंग्टन या संशोधकाने त्यांच्याजवळ बसून शब्द, वाक्ये, औषधी वनस्पतींची नावे असे जे मिळेल ते टिपून घेतले. ओक्रँड यांनी प्रबंध लिहिला तो अशाच टिपणांच्या आधारे. मुत्सुन बोलणारे त्यांना कोणी भेटणे शक्यच नव्हते.

क्लिंगॉनला बोलणारे मिळाले, पण घर आणि गणगोत नाही. मुत्सुनला गणगोत होते, वंशज होते, त्यांची भूमी होती. नव्हते ते बोलणारे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या वंशजांनी जुनी टिपणे पुन्हा उघडली. अभ्यासकांच्या साहाय्याने त्यांनी शब्द जुळविले, आणि २०१६ मध्ये मुत्सुनचा कोश प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढे काम अवघड आहे. पण लागेल तो नवा शब्द घडविण्यासाठी त्यांना कोणाच्या यादीची वाट पाहावी लागत नाही. भाषा त्यांची आहे.

आमच्या वाचकांना एक छोटासा खेळ सुचवून हा लेख पुरा करतो. एखाद्या सुटीच्या दिवशी घरातील मुलांपुढे क-ख-ग-घ-ङ चा तक्ता मांडावा आणि क्लिंगॉनची रिकामी घरे त्यांच्याकडूनच शोधून घ्यावीत. ट का नाही, स का नाही, असे ती विचारू लागली की मराठीची भरलेली घरे त्यांना आपोआप दिसतील. उत्तरे मात्र मराठीतच द्यावीत, आणि मुलांनी मध्येच हिंदी किंवा गुजराती शब्द घातला तर तो खुशाल राहू द्यावा.